चिंचेचा सौदा आणि चिंचोक्याचा हिशोब

फेब्रुवारी लागला की मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरच्या पट्ट्यात चिंचेची काढणी सुरू होते. बागवान बिरादरीतील आणि इतरही लहान व्यापारी गावोगाव फिरून झाडे घेतात, माणसे लावून चिंच उतरवतात, घरोघरी फोडायला देतात आणि बार्शी, लातूर, नगरच्या बाजारात नेऊन विकतात. मे अखेर धंदा आटोपतो. मग हिशोब होतो तेव्हा कोणी खुशीत असतो, तर कोणी डोक्याला हात लावून बसतो. एकाच तालुक्यात, एकाच भावात असे का व्हावे? आमच्या मते दोन गोष्टी नीट पाहिल्या जात नाहीत. पहिली, सौदा कोणत्या दिवशी झाला. दुसरी, चिंचोका कोणाच्या पदरात पडला.

आता आम्ही पडलो कापडाच्या धंद्यातले. चिंचेवर आम्ही कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण मागावर चढणारे सूत आधी खळ पिते, आणि ती खळ कित्येक वर्षे चिंचोक्याची होती. काही कामांत आजही आहे. चिंच विकणारा आणि कापड विणणारा हे एकाच फळाशी बांधलेले आहेत, फक्त एकमेकांना ओळखत नाहीत. दोघेही या पानाचे वाचक आहेत, म्हणून हा विषय घेतला.

नाव हिंदचे, मूळ आफ्रिकेचे

अरब व्यापाऱ्यांनी या फळाला ‘तम्र हिंदी’ म्हणजे हिंदची खजूर असे नाव दिले. युरोपच्या लोकांनी तेच आपल्या जिभेवर वळवून ‘टॅमरिंड’ केले. १७५३ मध्ये स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी झाडाचे शास्त्रीय नाव ठेवले, त्यातही ‘इंडिका’ हा शब्द घालून हिंदुस्थानचा शिक्का पक्का केला. गंमत अशी की झाड मुळात हिंदुस्थानचे नव्हेच. ते उष्ण आफ्रिकेचे. सुदानपासून पश्चिमेला सेनेगलपर्यंत जो कोरडा पट्टा पसरला आहे तिथे ते रानात आपोआप उगवते. आपल्याकडे ते इतक्या जुन्या काळी येऊन रुजले की संस्कृतात त्याला चिंचा, अम्लिका, तिंतिडी अशी नावे पडली आणि अरबांना त्याचे फळ आपल्या बंदरांतून मिळू लागले. माल ज्या बंदरातून येतो त्याच मुलखाचे नाव त्याला चिकटते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

सुदानमध्ये चिंचेला अरदेब म्हणतात. रमजानात इफ्तारच्या दस्तरखानावर तिचे सरबत असते. मिसर आणि शामच्या मुलखातही असते. नायजेरियाच्या उत्तर भागातले हौसा लोक, जे बहुतेक मुसलमान आहेत, बाजरीच्या पिठाची पातळ पेज चिंचेच्या पाण्याने आंबट करून पितात. पूर्व किनाऱ्यावर टांझानिया आणि केनियात स्वाहिली भाषेत झाडाला म्क्वाजू आणि फळाला उक्वाजू म्हणतात. सेनेगलच्या वोलोफ भाषेत चिंचेला दखार असा शब्द आहे, आणि त्या देशाची राजधानी डाकार हिचे नाव त्यावरूनच पडले असे मानणारे बरेच आहेत. कोवळा पालाही आफ्रिकेतल्या घरांत कालवणात पडतो, जसे आपल्याकडे हैदराबाद आणि मराठवाड्यातल्या घरांत चिगूर-गोश्त शिजते.

कापडवाल्याला मात्र हौसा मुलखातली एक वेगळीच गोष्ट जास्त आवडेल. हौसा भाषेत चिंचेला ‘त्सामिया’ म्हणतात, आणि रानातल्या एका रेशमालाही त्सामियाच म्हणतात. कारण असे की अनाफे नावाच्या पतंगांच्या अळ्या चिंचेच्या झाडावर पोसतात. या अळ्या एकेकट्या कोष करत नाहीत. अनेक मिळून एक मोठे घरटे विणतात. लोक ती घरटी गोळा करतात, उकळून त्यांतला गोंद काढतात आणि मग कापसासारखे सूत कातून घेतात. आपल्या तुतीच्या रेशमासारखा अखंड धागा त्यातून उकलत नाही. रंग भुरकट, टसरची आठवण करून देणारा. त्या सुताने विणलेले आणि भरतकाम केलेले पायघोळ झगे तिथल्या अमीर-उमरावांच्या आणि आलिमांच्या अंगावर असत. म्हणजे आफ्रिकेतही चिंचेचे आणि मागाचे नाते आहे, फक्त तिथे ते पानातून गेले आणि आपल्याकडे बीतून.

चिंचोक्याची खळ

ताण्याला खळ का द्यावी लागते हे आपल्या मोमीन-अन्सारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. खळ नसेल तर फणीच्या घासण्याने सूत पिंजते आणि तुटते, आणि माग चालण्यापेक्षा थांबतोच जास्त. जुन्या काळी तांदळाची पेज, ज्वारीचे पीठ, जे हाताशी असेल ते चाले. दख्खनच्या घोंगडीला मात्र चिंचोक्याचीच खळ. धनगर-सनगर कारागीर चिंचोके भाजतात, टरफल काढून भिजवतात, वाटतात, शिजवतात आणि लोकरीच्या ताण्याला ब्रशाने देतात. घोंगडीचा तो ताठपणा त्यातून येतो. ही कला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवलेली नाही.

प्रयोगशाळा नंतर आली. १९४२ मध्ये घोष आणि कृष्ण या दोन हिंदी शास्त्रज्ञांनी जाहीर केले की टरफल काढलेल्या चिंचोक्यात ४६ ते ४८ टक्के असा पदार्थ असतो जो पाण्याबरोबर घट्ट जेली धरतो. दिवस महायुद्धाचे होते, पुढच्याच वर्षी बंगालचा दुष्काळ पडला. धान्याचे पीठ सुताला चोपडणे म्हणजे माणसाच्या तोंडचा घास काढणे होते, आणि चिंचोका तर उकिरड्यावर पडत होता. चिंचोक्याची पूड गिरण्यांत शिरली ती अशी. सुती गिरण्यांत शिरली आणि तागाच्या गिरण्यांत त्याहून जास्त. धंद्यात तिला इंग्रजी अद्याक्षरांवरून टीकेपी म्हणतात.

या पुडीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण तिचे गुण आणि दोष दोन्ही त्यातच आहेत. आपण हिला स्टार्च म्हणतो, पण ही स्टार्च नव्हे. मका, साबुदाणा, बटाटा यांत स्टार्च असते. चिंचोक्यात झायलोग्लुकॅन नावाचा वेगळा पदार्थ असतो. थोड्या पुडीत खळ दाट होते, सुतावर पापुद्रा मजबूत बसतो, हा गुण. पण कच्ची पूड थंड पाण्यात नीट विरघळत नाही, ती उकळावीच लागते. तयार खळ ठेवली तर आंबते आणि बुरशी धरते, म्हणून जुने लोक थोडे मोरचूद घालत. टरफलाचा अंश राहिला तर पांढऱ्या सुतावर तांबूस झाक येते. आणि सर्वांत मोठी अडचण प्रोसेस हाऊसवाल्याची. कोऱ्या कापडातली खळ काढण्यासाठी जे एन्झाइम वापरतात ते स्टार्च खाणारे असते. चिंचोक्याच्या खळीला ते हात लावत नाही. खळ पुरती निघाली नाही की रंग डागाडागाने चढतो, मग प्रोसेसवाला विणकराला दोष देतो, विणकर सायझिंगवाल्याला, आणि बिल सर्वांचेच अडकते. ज्या विणकराच्या सुतात चिंचोक्याची खळ असेल त्याने ते प्रोसेसवाल्याला आधी सांगावे, म्हणजे तो कडक गरम धुणे किंवा ऑक्सिडायझिंग रसायनाचा मार्ग धरील. एवढे एक वाक्य आधी बोलले तर पुष्कळ तंटे वाचतात.

सुती यंत्रमागासाठी सायझिंगमध्ये आज मक्याचे सुधारित स्टार्च आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखी रसायने पुढे आली आहेत. माग जलद झाले, त्यांना तशी खळ लागते. पण यामुळे चिंचोका बाद झाला असे समजणारा व्यापारी चुकतो. तागाच्या धंद्यात त्याला जागा आहे. पुडीवर रासायनिक प्रक्रिया करून थंड पाण्यात विरघळणारा गोंद करतात, तो पॉलिस्टरवर डिस्पर्स रंगांची छपाई करताना रंग दाट करायला लागतो. (सुती कापडावरच्या रिॲक्टिव्ह छपाईला तो चालत नाही, कारण रंग कापडाऐवजी गोंदालाच धरतो. तिथे समुद्री शेवाळाचा अल्जिनेट लागतो. छपाईवाल्या बांधवांनी स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये.) जपानमध्ये चिंचोक्याचा शुद्ध गोंद सॉस आणि आइस्क्रीममध्ये जातो. डोळे कोरडे पडतात त्यांच्यासाठीच्या काही औषधी थेंबांतही तो असतो. म्हणजे मागणी संपली नाही, तिने गिऱ्हाईक बदलले.

शंभर किलोचा हिशोब

अखंड चिंच फोडली तर साधारणपणे शंभर किलोत ५५ किलो गर, ३४ किलो चिंचोका आणि ११ किलो टरफल व शिरा निघतात. झाडागणिक फरक पडतो, पण अंदाजाला हे आकडे चालतात. वजनाचा तिसरा हिस्सा चिंचोका आहे! त्या चिंचोक्यात सुमारे सत्तर टक्के आतला पांढरा गर आणि तीस टक्के बाहेरचे तांबडे टरफल. ३४ किलोतून २३-२४ किलो गर मिळायला हवा. गिरणीत थोडी घट येते. टरफलही फुकट जात नाही. त्यात टॅनिन भरपूर असते, आणि नैसर्गिक रंगाचे काम करणारे काही कारागीर सुती कापडाला रंग पकडवण्यासाठी हिरड्यासारखा त्याचा उपयोग करतात.

तरी आमच्या पाहण्यात असे व्यापारी आहेत जे गराचा भाव चार बाजारांतून विचारतात आणि चिंचोका जो पहिला मागेल त्याला, पोते पाहून, न तोलता देऊन टाकतात. पुडीच्या कारखान्याला काय हवे असते? स्वच्छ, कोरडा, किडीने न पोखरलेला दाणा. ओला चिंचोका पोत्यात भरला की तापतो, बुरशी येते आणि भाव पडतो. फोडल्यावर धुऊन दोन-तीन उन्हे द्यावीत, भोके पडलेले दाणे चाळून काढावेत, एवढ्यानेच माल वेगळ्या भावात जातो. चार-पाच लहान व्यापाऱ्यांनी मिळून एक ट्रक भरला तर दलालाशिवाय थेट कारखान्याशी बोलता येते. भाजून टरफल काढण्याचे काम मात्र पुरती यंत्रसामग्री असल्याशिवाय अंगावर घेऊ नये. आच जास्त झाली की पूड काळपट होते, खळ कमजोर पडते, आणि असा माल परत आला तर भाड्यातच नफा जातो.

फूल विकत घेऊ नका

आता सौद्याकडे येऊ. चिंचेला फुले येतात मे ते जुलैच्या सुमारास. पावसाळ्यात हिरवे आकडे दिसतात, हिवाळ्यात ते भरतात, मग चिंच गाभुळते आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिकते. म्हणजे फुलापासून फळापर्यंत आठ-नऊ महिने. पिकल्याची खूण सोपी आहे: टरफल तपकिरी आणि ठिसूळ होते, आतला गर आकसून टरफलापासून सुटतो, आणि शेंग वाजवली तर पोकळ आवाज येतो.

पण सौदे कधी होतात? कित्येकदा फुलोरा पाहून, जूनमध्येच. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला पैशाची नड असते, व्यापाऱ्याला झाड स्वस्तात मिळते. त्याही पुढे जाऊन तीन-तीन, पाच-पाच वर्षांसाठी झाडे उक्ती घेण्याचे सौदे होतात. कागदावर हे फार हुशारीचे वाटते.

धंद्याच्या बाजूने पाहा. चिंचेचे झाड दरवर्षी सारखे देत नाही. एका वर्षी फांद्या वाकतात, पुढच्या वर्षी झाड हात आखडते. तीन वर्षांचा सौदा करणारा पहिल्या भरगच्च बहराकडे पाहून किंमत ठरवतो. शिवाय पिकत्या चिंचेवर अवकाळी पाऊस पडला की गर काळा पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरच्या भागात जी गारपीट झाली ती अजून लोकांच्या लक्षात आहे. अशा वेळी ज्याने फुलोऱ्यावर पैसे मोजले तो शेतकऱ्याच्या दारात जाऊन भांडतो, आणि शेतकरी म्हणतो, माझा काय कसूर?

दीनच्या बाजूने तर गोष्ट अधिक साफ आहे. फळ उपयोगाला येण्याजोगे झाल्याचे दिसेपर्यंत ते झाडावर विकण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ही मनाई विकणाऱ्याला आहे तशी घेणाऱ्यालाही आहे. हजरत अनस (र.) यांच्या कथनात तिचे कारणही येते: अल्लाहने ते फळ रोखून धरले तर भावाचे पैसे कशाच्या बदल्यात घेणार? आणि पुढील वर्षांच्या बहराचा आधीच सौदा करण्याची मनाई हजरत जाबिर (र.) यांच्याकडून मुस्लिम शरीफमध्ये आली आहे. जे फळ अजून फुलातही नाही त्याची विक्री चारही मजहबांत दुरुस्त नाही. फळ धरले पण पिकले नाही, अशा मधल्या अवस्थेबद्दल तपशिलात मतभेद आहेत. आपल्याकडे देशावरचे बहुतेक हनफी आणि कोकणातले शाफई, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे गाभुळलेली, रंग बदललेली चिंच पाहून सौदा करणे. तेव्हा भाव चढा असतो हे खरे. पण तेव्हा आपण माल विकत घेतो, अंदाज नव्हे.

मग नड असलेल्या शेतकऱ्याचे काय, आणि आधी भांडवल गुंतवू पाहणाऱ्या व्यापाऱ्याचे काय? त्यासाठी शरियतने ‘सलम’चा रस्ता मोकळा ठेवला आहे. हुजूर (स.) मदिन्यात आले तेव्हा तेथील लोक फळांसाठी वर्ष-दोन वर्षे आधी रक्कम देत असत. त्यांनी तो व्यवहार बंद केला नाही; माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी अशी अट घातली. आपल्या धंद्यात त्याचा अर्थ असा: अमुक क्विंटल फोडलेली चिंच, अमुक प्रतीची, इतक्या कोरडेपणाची, अमुक तारखेला अमुक गोदामात पोचवायची, आणि तिची पूर्ण किंमत सौद्याच्या बैठकीतच रोख द्यायची. निम्मी आता निम्मी नंतर, हे सलममध्ये बसत नाही. आणि ‘तुझ्या बांधावरच्या त्याच दोन झाडांची चिंच’ अशी अटही त्यात घालू नये, कारण त्या झाडांनी दिलेच नाही तर देणारा अडकेल. शेतकऱ्याने ठरलेल्या प्रतीचा माल कुठूनही आणून दिला की झाले. नंतर भाव चढो की पडो, सौदा तोच. असा कागद दोन साक्षीदारांसमोर करावा. मोघम इसार-पावतीपेक्षा तो कोर्टातही बरा टिकतो.

एक रिवाज असाही आहे की अडत्या लहान व्यापाऱ्याला उचल देतो आणि अट घालतो की सगळा माल माझ्याच दुकानी, बाजारापेक्षा कमी भावाने. उचल म्हणजे कर्ज. कर्जाच्या बळावर भावात जो फायदा खेचला जातो त्याला उलेमा सूदच्या गटात धरतात. व्याज हा शब्द कुठे लिहिलेला नसतो, म्हणून काही फरक पडत नाही. घेणाऱ्याचे नुकसान तर दिसतेच. ज्यांच्याकडे दोन पैसे आहेत अशा बांधवांनी या लहान व्यापाऱ्यांशी मुदारबत किंवा शिरकतीत हंगाम करावा, नफा ठरल्या प्रमाणात वाटून घ्यावा. मुदारबतीत भांडवलाची तूट भांडवलवाल्याची असते, हे मात्र आधीच समजून घ्यावे.

उतरवणे, फोडणे, साठवणे

चिंच काठीने झोडपून पाडण्याची सवय वाईट आहे. शेंगांबरोबर पुढच्या बहराच्या कोवळ्या फांद्याही पडतात. फांदी हलवून पिकलेली चिंच पाडावी, राहिलेली हाताने किंवा आकडीने काढावी. झाडावर चढणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर असलाच पाहिजे. दरवर्षी माणसे पडतात, मणके मोडतात, आणि मुकादम दवाखान्यापर्यंत पोचवून मोकळा होतो. दोराची किंमत किती असते?

फोडण्याचे काम बहुतेक बाया घरी करतात, मजुरी किलोवर असते. बोटांची साले निघतात असे ते काम. मजुरी आधी ठरलेली असावी आणि चिंचोका कोणाचा तेही आधी ठरलेले असावे. ‘मग पाहू’ या शब्दाने मजुरीचा करार होत नाही. तसेच फोडलेला गर वजनात भरावा म्हणून ओला ठेवणे, आत शिरा आणि टरफल दडपणे, हे चालते हे सर्वांना ठाऊक आहे. ढिगाऱ्यात हात घालून आतला ओलावा बाहेर दाखवल्याची हदीसही सर्वांना ठाऊक आहे.

साठवणुकीत दोन शत्रू. एक दमट हवा. पावसाळ्यात उघडा राहिलेला गर तांबड्याचा काळा होतो. मीठ लावून, दाबून, पाणी न शिरेल असा बांधला तर टिकतो. रंग राखायचा तर शीतगृहाला पर्याय नाही. त्याचे भाडे परवडते की नाही हे हंगामाच्या भावावर. दुसरा शत्रू एक बारीक भुंगेरा, जो चिंचोका पोखरतो. हाच भुंगेरा भुईमुगाच्या शेंगांतही शिरतो. पश्चिम आफ्रिकेत भुईमूग गेला तो दक्षिण अमेरिकेतून, आणि तिथल्या चिंचेवरच्या या किडीने नवे घर धरले. म्हणून चिंच आणि शेंगा एका गोदामात शेजारी ठेवू नयेत.

कलम लावायचे असेल तर

ज्यांच्याकडे हलकी, खडकाळ, पाण्याची टंचाई असलेली जमीन आहे त्यांना चिंच हे झाड खरोखर उपयोगी आहे. पाणी साचणारी जागा सोडून कुठेही येते. पण बियापासून लावलेले झाड फळाला यायला आठ-दहा वर्षे घेते आणि आईसारखे निघेलच याचा भरवसा नाही. कलमाचे झाड चौथ्या-पाचव्या वर्षापासून देऊ लागते आणि जात पक्की असते. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमायतबागेत जे फळ संशोधन केंद्र आहे त्याने ‘प्रतिष्ठान’ ही जात दिली आहे. (ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवले तोही या झाडासारखाच आफ्रिकेतून आलेला, आणि इथलाच होऊन गेलेला.) तामिळनाडूतील पेरियाकुलमची ‘पीकेएम-१’ आणि गुजरातेत गोध्रा येथील केंद्राची ‘गोमा प्रतीक’ याही नावाजलेल्या आहेत. आमचा कल आपल्या हवेत निवडलेल्या जातीकडे.

दोन झाडांत दहा मीटर अंतर धरले तर एकरी चाळीस झाडे बसतात. उन्हाळ्यात मीटर-मीटरचे खड्डे करून तापू द्यावेत, शेणखत आणि मातीने भरावेत, पावसाळ्याच्या तोंडावर कलमे लावावीत. कलमाच्या जोडाखाली फुटवे येतात ते सतत काढावेत, नाही तर चांगली जात मरते आणि रानटी खुंट वाढतो. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते, शेळ्यांपासून जपावे लागते. मधल्या पट्ट्यात सुरुवातीची वर्षे मूग, उडीद, हुलगा घेता येतो. पुरते वाढलेले झाड चांगल्या सालात दीडशे ते दोनशे किलो शेंगा देते, पण त्या वाढीला पंधरा-एक वर्षे लागतात. जो आज लावतो त्याची मुले खातात, नातू विकतात. चिंचेवर भुते राहतात म्हणून घराजवळ लावायला भिणारे आपल्यातही आहेत. त्यांनी हैदराबादची गोष्ट ऐकावी: २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला तेव्हा अफजलगंजच्या एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आहे.

लाकडाचेही दोन शब्द. चिंचेच्या जून झाडाचा गाभा काळपट-जांभळा आणि अतिशय कठीण असतो. तेलाचा घाणा, उखळ, मोगरी यांसाठी तो जुन्या काळापासून नावाजलेला आहे, आणि आपल्या कुरेशी बांधवांच्या दुकानातला गोश्त तोडण्याचा ठोकळा तर चिंचेचाच हवा, कारण सुऱ्याखाली त्याचे तूस सुटत नाही. बकरीदच्या आधी या ठोकळ्यांना चांगली मागणी येते. पण त्यासाठी, किंवा वीटभट्टीसाठी, उभे फळते झाड पाडणे हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि परवानगीशिवाय पाडले तर गुन्हाही. झाडे तोडण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या १९६४ च्या कायद्यात जी झाडे नावानिशी दिली आहेत त्यांत आंबा, मोह, जांभूळ, हिरडा यांच्याबरोबर चिंचही आहे. झाड स्वतःच्या मालकीच्या शेतात असले तरी परवानगी घ्यावी लागते, आणि लाकूड विकत घेणाऱ्याने ती पाहूनच पैसे द्यावेत. वादळात पडलेले किंवा वाळलेले झाड असेल तरी पंचनामा करून घ्यावा आणि त्याची नक्कल मालाबरोबर ठेवावी.